शंखात उरलेलं

मला किळस फार लवकर येते. ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे, पण पुढचं समजायला ती आधी सांगितलेली बरी. माहेरी, मांजरी गावच्या मळ्यात, दुधावरची साय ओठाला लागली तरी मी ताट सोडून न्हाणीकडे पळायची. आई वैतागून म्हणायची, "हिला अत्तरवाल्याच्या घरी द्यायला हवी." दिली वैद्याच्या घरी.

नारायण पेठेतलं आमचं घर लहान, पण त्यात वास मावत नसत. ओसरीवर रोगी, माजघरात खल, परसात तीन चुली. एका चुलीवर काढा, दुसरीवर तेल आणि तिसरीवर काय आहे ते न विचारलेलंच बरं. लेक सासरी गेल्यावर घरात माणसं तीनच: हे, मी आणि ह्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. वन्सं सोवळ्याच्या इतक्या कडक की मांजराची सावली पडली तरी पाणी ओतून टाकायच्या. ह्यांचा स्वभाव त्याच्या उलट. थंड. बोलायचे थोडं, पण जे बोलायचे त्याला मीठ-तिखट लावलेलं असायचं. बरण्यांची अदलाबदल करून मी कुणाला मारू नये म्हणून त्यांनीच मला अक्षरं शिकवली. म्हणून आज हे लिहिता येतंय.

श्रीमंतांचं राज्य तेव्हा भरात होतं. कोकणातून घाट चढून पुण्याला रोज माणसं येत. असाच एक कोळी आमच्या ह्यांच्याकडे आला. आरमारावरचा खलाशी, धिप्पाड गडी, पण बैलगाडीतून उचलून उतरवावा लागला. दोन महिन्यांपूर्वी होडीतून उथळ पाण्यात उतरताना त्याचा पाय पाकटावर पडला होता. पाकट म्हणजे सुपासारखा पसरट मासा, वाळूत अंग पुरून बसतो, आणि शेपटीत वीतभर काटा असतो. तो काटा त्याच्या पावलात घुसला. सोबतच्यांनी उपसून काढला, पण जखम भरेना. वरून कातडी धरायची, आठ दिवसांनी फुगून फुटायची, आणि मग जो पू वाहायचा त्याचा वास ओसरी ओलांडून थेट स्वयंपाकघरात यायचा. मी पदर नाकाला लावूनच भाकऱ्या थापत असे.

नवरा-बायको नदीकाठच्या धर्मशाळेच्या बाहेरच्या पडवीत राहत. कोळीण रोज सकाळी लेप न्यायला आमच्या परसदारी यायची. काळी, सडसडीत, हसताना सगळे दात दाखवणारी. हे आठवड्यातून दोनदा धर्मशाळेत जाऊन पाय बघायचे. बघायचे म्हणजे खरोखर नुसते बघायचे, चार हातांवरून. शिवाशिव होती, आणि खरं सांगायचं तर तो वास त्यांनाही झेपत नव्हता, हे मला ठाऊक होतं. निंबाच्या पाण्याने धुवा, हळदीचा लेप लावा, एवढं सांगून ते परत यायचे.

कोळणीने येताना ह्यांच्यासाठी एक शंख आणला होता. इतका सुरेख शंख मी पुण्यात पाहिला नव्हता. दुधासारखा पांढरा, जड, आतून गुलाबी. घाईत काढून, उकळून, उन्हात वाळवून आणलाय, असं ती म्हणाली होती, पण तेव्हा कुणाचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ह्यांनी तो गंगाजळाने धुतला आणि देवघरात ठेवला. तेव्हापासून रोज पूजेला त्यातूनच अभिषेक. देवांवर त्या शंखाने पाणी घालायचं, ताम्हणात जमलेलं तीर्थ तिघांनी तीन-तीन पळ्या घ्यायचं, उरलेलं शंखोदक वन्संनी घरभर शिंपडायचं.

पाच-सहा दिवसांनी घरात वास यायला लागला.

पहिल्यांदा तो मलाच आला, अर्थात. तो पायाचा वास नव्हता. पायाचा वास मला आता ओळखीचा झाला होता. हा गोडसर होता, घशाच्या मागे जाऊन बसणारा. मी सांगितलं तर हे म्हणाले, "तुला वास येत नाही असा दिवस उगवला की सांग. पंचांगात लिहून ठेवू." पण तिसऱ्या दिवशी ते स्वतःच जेवता जेवता थांबले. वन्सं म्हणाल्या, उंदीर मेलाय. मग उंदीर शोधणं सुरू झालं. कोठीतलं धान्य उपसलं, आडव्या तुळईवरची गाठोडी उतरवली, उखळ हलवलं. उंदीर मिळाला नाही. वन्सं देवघरात जास्त धूप घालू लागल्या आणि शंखोदक दोनदा शिंपडू लागल्या. वास वाढला.

शेवटी माश्यांनी दाखवून दिलं. सकाळी मी फुलं ठेवायला गेले तर देव सोडून सगळ्या माश्या शंखावर. मी शंख उचलला. आत डोळा लावून बघण्याची काही गरज नव्हती, पण मी बघितलं. आतल्या वळणावर काहीतरी करडं, मऊ, चकाकणारं होतं, आणि ते हलत होतं. अळ्या होत्या. शंख कलता झाला तसं त्यातून दोन थेंब पिवळट पाणी माझ्या मनगटावर आलं.

मी तुळशीपाशी पोचेपर्यंतही थांबू शकले नाही. देवघराच्या उंबऱ्यावरच ओकले.

ते ओकणं नुसत्या वासाचं नव्हतं. आम्ही हे नऊ दिवस प्यायलो होतो. रोज तीन पळ्या. पहिली पळी डोळे मिटून, मनातल्या मनात काहीतरी मागत.

वन्संना सांगितलं. त्या उठल्या आणि पंचगव्य करायला लागल्या. गोमूत्र आणि शेणाचं पाणी पिऊन ते तीर्थ धुऊन काढायचं! मी म्हणाले, मला मारून टाका, पण आता आणखी काही पाजू नका. हे ओसरीवरून आले, शंखात बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "अगं, रोग्यांना मी याहून वाईट पाजलंय. ते अजून जिवंत आहेत, काही काही." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एवढ्यात कोळीण लेप न्यायला आली. परसातून तिने सगळा गोंधळ ऐकला आणि आत डोकावून हसायला लागली.

"अगो वैनीबाय, आतल्या जिवाचं शेपूट ऱ्हायलं. घाईत तुटलं असंल. सुकं होतं तवर गप होतं. तुमी रोज पानी घातलं, मंग सडनारच की."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ!" मी म्हणाले.

तिने लोखंडी आकडा मागितला. परसाच्या कोपऱ्यात उकिडवी बसली, शंख मांडीत धरला आणि आकडा वळणावळणाने आत सारला. मी पाठ फिरवून उभी राहिले. मग पुन्हा वळले. का वळले ते मला आजही सांगता येत नाही. तिने मनगट फिरवलं, शंखाच्या वळणाच्या दिशेने, जोर न लावता, आणि पीळ दिलेल्या चिंधीसारखं ते बाहेर आलं. काळं-हिरवं. वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ती मात्र शंख डोळ्यापाशी नेऊन आत बघत होती.

"झालं ना?" मी विचारलं.

"न्हाय. टोकाला येक तुकडा हाय. त्यो ऱ्हायला तर पुन्ना सडंल. धुऊन काय व्हायाचं न्हाय, काढायलाच पायजे."

पुन्हा आकडा. पुन्हा ते मनगट. नखाएवढा तुकडा निघाला आणि तिने तो राखेत टाकला.

"हे जितं असताना काय खातं?" मी विचारलं. देवघरातल्या वस्तूबद्दल असा प्रश्न मी विचारतेय याचंच मला आश्चर्य वाटलं.

"चिखलातलं किडं," ती म्हणाली.

आम्ही लक्ष्मीचा भाऊ म्हणून पुजतो तो शंख. चिखलातले किडे खाणाऱ्या गोगलगाईचं घर.

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण परसातल्या तिसऱ्या चुलीवर त्या दिवशी नखला शिजत होता. उटण्याला, धूपाला लागणारा नखला. तो वापरण्याआधी शेणाच्या पाण्यात उकळायचा, मग भाजायचा, त्यावर गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडायचं, तेव्हा कुठे त्याला सुगंध येतो. मी वर्षानुवर्षं ते काम नाक दाबून करत आले होते. कोळणीने चुलीवरच्या मडक्यात डोकावलं आणि म्हणाली, "ह्ये कशापायी शिजवता?"

"ती झाडाची साल आहे," मी म्हणाले. मला तसंच वाटत होतं. काळपट, नखासारखे वाकडे तुकडे. झाडाचंच काहीतरी.

"झाडाचं? अगो, ह्यो दरवाजा हाय गोगलगायीचा. ती आत शिरली की ह्यो लावून घेती. तिच्या पायालाच चिकटल्याला असतो."

दिवाळीच्या पहाटे अंगाला लावतो ते उटणं. माझ्या लेकीच्या लग्नात मी स्वतः वाटलेलं. मी उकळत्या मडक्याकडे बघितलं आणि माझ्या दंडांवर काटा उभा राहिला.

त्या दिवसापासून मला एक खोडच लागली. कोळीण आली की मी तिला परसात बसवून विचारायची, आणि ती सांगायची, आणि मला मळमळायचं, आणि मी पुढे विचारायची. कान वाहतो तेव्हा आम्ही कानात समुद्रफेन घालतो. मी तो समुद्राचा वाळलेला फेस समजत होते, नावच तसं. ती म्हणाली, ते म्हाकळाचं हाड. म्हाकूळ म्हणजे हाड आत आणि मांस बाहेर असलेला बुळबुळीत प्राणी, तोंडाभोवती दहा हात, हातांवर चोखणाऱ्या वाट्या, आणि मधोमध पोपटासारखी चोच. पकडला की शाईची पिचकारी मारतो. अंगाचा रंग बघता बघता बदलतो. मुशी नावाचा मासा अंडी घालत नाही. कापली की पोटातून जिवंत पिल्लं वळवळत बाहेर येतात. खेकडा वाढला की स्वतःच्या पाठीतून मागे सरकत बाहेर पडतो, आणि चार दिवस लोण्यासारखा मऊ होऊन दगडाखाली लपतो.

"आन् तारा मासा," ती म्हणाली, "त्यो तोंडातून पोट भाईर काढतो. शिंपलीवर पसरतो, तितंच तिला खातो, मंग पोट परत आत घेतो."

"पुरे," मी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पोट? स्वतःचं?"

मग मोत्यांचं निघालं. ती माझ्या नथीकडे बघत होती. तिचा नवरा एकदा गलबतावरून खूप दक्षिणेला गेला होता, जिथे मोत्यांसाठी शिंपल्या काढतात. एकेक शिंपली फोडत कोण बसणार? किनाऱ्यावर डोंगराएवढे ढीग करतात आणि सडू देतात. दिवसामागून दिवस. माश्यांचे ढग जमतात. कोसभर माणूस उभा राहू शकत नाही. सगळं मांस सडून पाणी झालं की त्या घाणीत हात घालून धुवायचं, तळाला मोती सापडतात.

मी नथ काढली आणि पाटावर ठेवली. सात मोती होते तिला. आणि ते घालायचे नाकातच!

वन्संनी आकांत केला. सवाष्णीने नथ उतरवायची म्हणजे काय! ह्यांनी दोघींचं ऐकून घेतलं. म्हणाले, "नुसत्या सोन्याची करून घे. सोनं जमिनीतून येतं. जमिनीत काय काय सडतं ते कुणी सांगेपर्यंत तरी घालता येईल."

मी हसले नाही. मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं हे सगळं? नखला काय, समुद्रफेन काय?"

"थोडंफार."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर कुटलं असतंस?"

मला आणखी राग आला. तीन दिवस मी खलाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी कोळीण आली ती हसत नव्हती. नवऱ्याचा पाय पुन्हा फुगला होता. या वेळी लाली घोट्याच्या वर चढली होती आणि तो तापाने बरळत होता. ती परसात उभी राहून नुसती म्हणाली, "वैनी, सडतोय त्यो." तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात एकदम तिचंच बोलणं आलं. धुऊन काही व्हायचं नाही, काढायलाच पाहिजे.

मी विचारलं, "काटा काढला तेव्हा अख्खा निघाला होता का? टोकासकट?"

ती म्हणाली, "ओढून काढला. रगात लई होतं. कुनी बघितलं न्हाय."

"कसा असतो तो काटा?"

तिने बोट उभं धरलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा दाखवल्या. करवतीसारखे दात, आणि सगळे उलटे. आत सहज जातो. बाहेर येताना फाडत येतो. नाहीतर तुटतो.

मी ओसरीवर गेले. हे कुणाची तरी नाडी बघत होते. रोगी जाईपर्यंतही मी थांबले नाही. म्हणाले, "त्या खलाशाच्या पायात काट्याचा तुकडा राहिलाय."

"तू पाहिलास?"

"तुम्ही पाहिलात? चार हातांवरून?"

समोरचा रोगी खाली बघू लागला. ह्यांचा चेहरा कधी नव्हे तो लाल झाला. मला वाटलं आता काहीतरी झोंबणारं ऐकायला मिळेल. पण ते उठले. हात धुतले, अंगावर उपरणं घेतलं आणि रविवार पेठेतल्या एका जर्राहाला बोलवायला स्वतः गेले. म्हातारा मुसलमान होता तो, फौजेबरोबर फिरून जखमा शिवण्यात हात बसलेला. वन्सं ह्यांच्या पाठीमागून म्हणाल्या, "तुझी बुद्धी फिरलीय." मीही चादर घेऊन निघाले.

मी का गेले? किळस कमी झाली होती म्हणून नाही. मला वाटतं, राहिलेला तुकडा मला बघायचाच होता. तो निघाला नसता तर मला झोप लागली नसती.

धर्मशाळेची पडवी मी जन्मात विसरणार नाही. पाय भोपळ्याएवढा, जांभळा, कातडी ताणून चकाकणारी. जर्राहाने पायाला नाक लावून वास घेतला. खरोखर नाक लावून, जसा आपण आंबा हुंगतो. मग ह्यांना म्हणाला, "वैद्यबुवा, आपण खांदे धरा. घट्ट." हे क्षणभर थांबले. मग जानवं कानाला गुंडाळलं आणि त्या कोळ्याचे खांदे धरून त्याच्या छातीवर जवळजवळ ओणवे झाले. कोळणीने गुडघा धरला. मला गरम पाण्याचं तपेलं धरायला दिलं.

सुरी लागली तसा पू उडाला. थोडा ह्यांच्या हनुवटीला लागला. तो वास मी सांगू शकत नाही. शंख त्यापुढे चंदन होता. मी तपेलं खाली ठेवलं, कठड्यापाशी गेले, ओकले, तोंड पुसलं, परत येऊन तपेलं उचललं. असं दोनदा झालं. जर्राह माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाईसाहेब, पाणी सांडू नका, एवढंच." चिमटा आत गेला, थांबला, फिरला. खलाशी ओरडला आणि त्याची शुद्ध गेली. आणि चिमट्याच्या टोकाला एक काळपट तुकडा बाहेर आला, बोटाच्या पेराएवढा, दोन्ही बाजूंना बारीक दात, दातांवर शेवाळासारखा बुळबुळीत थर.

कोळणीने तो तळहातावर घेतला आणि बघत राहिली. मग त्यावर थुंकली आणि नदीत फेकला.

पाय वाचला. दोन बोटं गेली, पण पाय वाचला. पावसाळा संपता संपता तो काठी घेऊन चालायला लागला. हे आता दर दिवसाआड जायचे आणि जखम जवळून, अगदी नाकाजवळ धरून बघायचे. घरी आले की अंघोळ. वन्सं मुकाट्याने पाणी काढून द्यायच्या. ह्यांनी मला त्याबद्दल एकदाच काहीतरी म्हटलं, तेही जेवताना, माझ्याकडे न बघता: "चार हात फार होतात." मीही वाढत राहिले.

निघण्याच्या दिवशी कोळीण परसात आली. "या येकदा दर्या बघाया," ती म्हणाली. "वास पयले दोन दीस लागतो. मंग लागत न्हाय."

"मला लागेल," मी म्हणाले.

"लागंल," ती म्हणाली आणि हसली. मला तिचा राग आला नाही. मला वाटतं, समुद्राला नाही म्हटलं म्हणून माझ्यावर रागावली नाही अशी ती एकटीच. पुढे कितीजणांनी मला कोकणात नेण्याचा आग्रह केला. मी गेले नाही. ज्या पाण्यात रात्रंदिवस कुणी ना कुणी कुणाला आतून पोखरतंय, स्वतःचं पोट बाहेर काढून खातंय, त्यात पाय बुडवून सूर्याला अर्घ्य द्यायचं माझ्याने झालं नसतं.

पुढच्या वर्षी कोकणातून घाट चढून आलेल्या एका गाडीवानाने आमच्या ओसरीवर दोन पुरचुंड्या ठेवल्या. खलाशी पुन्हा गलबतावर गेला होता, असा निरोप होता. एक पुरचुंडी जर्राहासाठी. सुके बोंबील. पत्ता तिला आमचाच ठाऊक. वन्संनी दार लावून घेतलं. मी ती पुरचुंडी काठीच्या टोकाला अडकवून परसातल्या लिंबाला टांगली आणि जर्राहाला निरोप धाडला. तो येईपर्यंत अर्ध्या पेठेची मांजरं आमच्या परसात येऊन वर बघत बसली होती. तो आला, पुरचुंडी हुंगली आणि इतका खूश झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

दुसरी पुरचुंडी माझी. त्यात कोकमं होती. गाडीवान म्हणाला, बाईने मुद्दाम सांगायला सांगितलंय, ही झाडाची आहेत, आणि तिने हात धुऊन बांधली आहेत.

मी त्या दिवशी आमटीत दोन कोकमं टाकली. हे दोनदा आमटी मागून जेवले. मीही जेवले, आधी वास घेऊन.